दुसरा डोळा होईपर्यंत

पेणजवळ जोहे गावातल्या कारखान्यात मी गणपती ठरवायला गेलो होतो. मूर्तींचे डोळे आखणारी बाई पाटावर बसली होती. तिचं नाव मी विचारलं नाही, तिनंही माझं विचारलं नाही. शेजारी गोणपाटावर तिची वर्षाची मुलगी रिकाम्या डब्याशी खेळत होती. नवरा सोडून गेला, हे तिनं ब्रश धुता धुता सहज सांगितलं.

माझी बहीण जर्मनीत एकटीच मुलगा वाढवते. तिच्याबद्दल सांगून मी उत्साहानं म्हटलं, तिकडे अशा आईला सरकार दरमहा पैसे देतं, पाळणाघरही असतं.

"बरं हाय की. आपल्याकडं दिलं तर मी काय नको म्हणणार नाय." ब्रशचं टोक बोटांनी निमुळतं करत तिनं विचारलं, "पण ती आंघोळीला गेली का पोराला घेतं कोण?"

"ठाऊक नाही," मी म्हटलं. बहिणीला मी हे कधी विचारलंच नव्हतं.

मूर्तीचा एक डोळा झाला आणि मुलगी रडायला लागली. दोन्ही डोळे एका बैठकीत पुरे करायचे, ही त्या बाईची रीत. एरवी कारखान्यातलं कुणीही पोरीला उचलायचं, पण आत्ता सगळ्यांचे हात रंगानं माखलेले.

"दादा, तुमचं हात कोरडं हायत. घ्या तिला," ती वर न बघता म्हणाली.

मी घेतलं. पोरगी माझ्या शर्टाचं बटण धरून गप्प झाली. दुसरा डोळा होईपर्यंत मी बेतानंच श्वास घेत उभा होतो.

मग तिनं ब्रश ठेवला, पोरीला घेतलं आणि म्हणाली, "आता लावा बहिणीला फोन."