नावावर अंगठा

त्याला सगळे पंच म्हणायचे. सलून दोन खुर्च्यांचं, पण रुबाब न्यायालयाचा. गिऱ्हाईक गळ्याशी कापड बांधून बसलं की आधी प्रश्न यायचा, "पंच, आजचा लेख कसाय?" मग पंच ब्रश बाजूला ठेवून वर्तमानपत्र उघडायचा, लेखकाच्या नावावर अंगठा दाबायचा आणि मोठ्यानं वाचू लागायचा. फेस गालावर वाळून गेला तरी गिऱ्हाईक तक्रार करत नसे.

तो अंगठा ही त्याची खासियत. त्याचं म्हणणं, नाव दिसलं की माणूस वाचायचं थांबवतो. आपल्यातला असला की माना डोलावतो, पलीकडचा असला की शिव्या घालतो. म्हणून नाव झाकायचं आणि मजकूर तपासायचा. शिवीगाळ केली, लेख बाद. आकडा दिला पण कुठून आणला ते सांगितलं नाही, बाद. समोरच्याचं म्हणणं धड मांडलं नाही, तरी बाद. पद्धत वाईट नव्हती, हे मलाही मान्य आहे. एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन्हीकडचे लोक त्याचा निवाडा ऐकत. फक्त एवढा मान मिळाला की माणसाला वाटू लागतं, आपल्याला कुणी फसवूच शकत नाही.

बायकोला तो अंगठा कधीच पटला नाही. "अहो, दूधवाला म्हणतो दुधात पाणी नाही," ती म्हणायची, "तेव्हा आपण त्याचं तोंड झाकून ऐकतो का? कोण बोलतंय ते नको का बघायला?" पंच हसून म्हणायचा, "तुला नाही कळायचं ते." ते बोलणं त्याला पुढे फार महागात पडलं.

दुसरी खुर्ची जोडीदाराची. तो डोंगरापलीकडून आला होता, मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा. पिशवीत एक कात्री आणि अंगावरचे कपडे, एवढाच संसार. पंचानं त्याला हाताशी धरलं आणि धाकट्या भावासारखं वाढवलं. दुकान उघडण्याआधी दोघं एकमेकांची दाढी करत. आधी पंच खुर्चीत, मग जोडीदार. डोळे मिटून, मान मागे टाकून. इतक्या वर्षांत त्या वेळेला कुणी काही बोलल्याचं आठवत नाही. बोलायची गरजच पडली नाही.

मग मैदानाचा वाद पेटला. गिरणीमागच्या मैदानावर डोंगरापलीकडच्या लोकांनी झोपड्या घातल्या होत्या, जोडीदाराचं घरही तिथंच. त्यांना तिथं पक्की घरं द्यायची की उठवून लावायचं, यावर शहराचं मत घेतलं जाणार होतं. वर्तमानपत्रं आग ओकत होती. पंच रोज लेख बाद करत होता आणि त्याला त्यात मजा येत होती, हेही खरं.

एका शनिवारी एक लेख आला. आवाज शांत. एकही वाईट शब्द नाही. मैदानावरच्या लोकांचे कष्ट आधी सांगितले होते, त्यांची बाजू त्यांच्याहून चांगली मांडली होती. मग हळूच लिहिलं होतं, की चाकूच्या गुन्ह्यांच्या बहुतेक तक्रारी याच लोकांवर आहेत, पाहा पोलीस ठाण्याची नोंद. ही माणसं साधी दिसतात, पण राग आला की हत्यार हातात असतं. पंचानं शोधशोध शोधलं. बाद करायला काही सापडेना. दुसऱ्या खुर्चीमागे जोडीदार कात्री थांबवून उभा होता.

"लेख पक्का आहे," पंच म्हणाला.

जोडीदारानं राहिलेले केस कापले, कापड झटकलं आणि एवढंच विचारलं, "दादा, तुम्हाला खरं वाटलं?"

"अरे, तुझ्याबद्दल नाही लिहिलेलं. लेख म्हणून म्हणतोय मी."

पंचाचा निवाडा दुपारपर्यंत सगळ्या बाजारात पोचला. त्यानंतर जोडीदाराच्या खुर्चीत कुणी बसेना. "थांबतो मी, पंचाकडेच करतो," म्हणत लोक बाकावर दाटीवाटीनं बसायचे आणि ती खुर्ची रिकामी राहायची. पंचाला वाईट वाटत होतं. पण शब्द मागे घ्यायचा म्हणजे पंचपण गेलं, आणि ते त्याच्यानं होईना.

अशाच एका सकाळी पंच नेहमीसारखा मान मागे टाकून बसला. जोडीदारानं साबण लावला, वस्तरा पट्ट्यावर फिरवला आणि गळ्याशी टेकवला. पंचाची मान हलली. बोटभरसुद्धा नाही, जरा मागे सरली इतकंच. त्यानं डोळे उघडले तर आरशात जोडीदार त्याच्याकडेच बघत होता.

जोडीदारानं वस्तरा पुसला, मिटला आणि पिशवीत टाकला. फेस तसाच तोंडावर घेऊन पंच दारापर्यंत धावला, "अरे, ऐक तरी!" म्हणाला. तो थांबला नाही.

लेखकाचं नाव बायकोनं वाचलं. फळीवर अंथरायला तिनं तेच पान घेतलं होतं. "अहो, हे तर ठेकेदाराचे मेहुणे! मैदानावर इमारती बांधणार आहे तोच ठेकेदार." पंचानं पान हातात घेऊन नाव पाहिलं. हा मेहुणा दर शनिवारी त्याच्याच खुर्चीत दाढी करवून घ्यायचा. कोणता लेख कशानं बाद होतो, हे त्यानं तिथंच बसून ऐकलं होतं. असा केसानं गळा कापणारा माणूस, आणि त्याचा गळा दर शनिवारी पंचाच्या वस्तऱ्याखाली! ठाण्यातल्या ओळखीच्या हवालदाराला विचारलं तर त्यानं सांगितलं, तक्रारी आहेत, पण बहुतेक सगळ्या ठेकेदाराच्या रखवालदारांनी दिलेल्या. एकही सिद्ध झालेली नाही.

पंचानं दुकानात सगळ्यांसमोर सांगितलं, "माझं चुकलं. लेख खोटा होता." लोक हसले. "पंच, दोस्तासाठी फिरलात होय!" पहिला निवाडा त्यांना हवा होता, दुसरा नको होता. मतदान झालं, झोपड्या उठवायचं ठरलं आणि मैदानावर यंत्रं आली.

उठवलेल्यांनी शहराबाहेर जागा धरली होती. पंच चालत गेला. जोडीदार एका पेटीसमोर स्टूल मांडून कुणाची तरी दाढी करत होता. पंच आपली पाळी येईपर्यंत उभा राहिला, मग स्टुलावर बसला आणि मान मागे टाकून त्यानं डोळे मिटले. साबणाचा वास आला, पण ब्रश लागला नाही.

"दादा, उठा," जोडीदार म्हणाला.

"कर रे. हलणार नाही मी."

"तुम्ही नाही हलणार. पण तुमची मान समोर आली की आता माझा हात थरथरतो. एवढंसं कापलं गेलं, तर तुम्ही काय समजाल? जा तुम्ही. मागे माणसं थांबलीत."

पंच उठला. त्याच्या मागे उभा असलेला माणूस स्टुलावर बसला आणि त्यानं मान मागे टाकली.