कडक इस्त्री

एका मुलीची गरिबी मी तिच्या कुर्त्याच्या इस्त्रीवरून ठरवली. इतका मूर्खपणा — आणि तोही एम.ए. झालेल्या बाईचा! हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यांना नाही, मुलाला नाही. नातवंडांना तर नाहीच. त्यांच्या लेखी आजी म्हणजे रिमोट लपवणारी, पत्त्यांत उघड उघड लबाडी करणारी डांबिस बाई. तुम्हाला सांगते — घरचं कुणी समोर असतं तर पुन्हा गिळलं असतं.

तेव्हाची मी जरा डोळ्यांसमोर आणा. लखनऊच्या गोमती नगरात नवा फ्लॅट, टाचांचे सँडल, डोक्यावर गॉगल — ढगाळ दिवशीसुद्धा! — आणि कॉलेजात विनोदी बोलण्याबद्दल प्रसिद्ध. मी तोंड उघडलं की स्टाफरूम हसायला तयार. आमचं आडनाव असं की लखनऊवाल्यांना त्यावरून काही कळत नसे. मीही कधी कळू दिलं नाही. काय भ्यायचे मी एवढं? नोकरी पक्की, घर पक्कं — तरी भ्यायचे.

कॉलेजात ‘निर्धन छात्र कोष’ होता. खरोखर गरीब असलेल्यांची फी त्यातून भरायची. कोण खरोखर गरीब, ते ठरवायला आमची समिती — प्रिन्सिपल, एक सहकारी आणि मी. मुलं एकेक आत यायची, उभ्या उभ्या आपली गरिबी सांगायची, आणि आम्ही समोसे खात ऐकायचो. बोटांना तेल, ओठाला चटणी, आणि प्रश्न काय — ‘पिताजी क्या करते हैं?’ आठवलं की आजही घास फिरतो तोंडात.

त्या दिवशी प्रज्ञा आली. तिला मी ओळखत होते — चांगलीच. लखनऊच्याच महानगर वस्तीत एकांच्या गच्चीवर आमची चार-सहा मराठी कुटुंबं पौर्णिमेला बुद्धवंदनेला जमत, त्यांतली ती. आई शालू, भंडाऱ्याकडची, माझ्याच मुलखातली. बाप जानकीपुरममध्ये कंत्राटी माळी. मुलीला बी.एस्सी. करायचं होतं. सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, पण जातीचा दाखला महाराष्ट्रातला आणि राहणं इथलं. इथलं ऑफिस म्हणे, आपल्या राज्यात जा. तिकडचं म्हणे, शिकता तिथे मागा. राहिला आमचा कोष. तो मिळाला तर कॉलेज, नाहीतर नाही — इतकं सरळ होतं ते. आणि हे सगळं त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं.

ती पांढऱ्या कुर्त्यात आली. पेजेची खळ घातलेला, वर अशी इस्त्री की बाहीची घडी बोटाला कापेल. तेल लावून चापून बसवलेली वेणी. तो कुर्ता पाहिला आणि मला माझी आई दिसली — पितळी तांब्यात निखारे भरून माझी एकुलती एक साडी दाबणारी. आमच्यात हा घराघरातला कायदाच. शाळेत, कचेरीत, साहेबासमोर मळकं जायचं नाही. पोटात नसलं तरी अंगावर स्वच्छ. मी स्वतः तशीच गेले होते, फीमाफी मागायला. आणि मला मिळाली होती.

शेजारच्या सहकाऱ्याने हसत विचारलं, ‘ये तो आपकी तरफ़ की लगती है, मैडम?’

बस. आता हे विचारणार, कुठली, कुणातली... मग मी काय केलं? विनोद केला. तोच तर यायचा मला!

‘अरे बेटा,’ मी म्हटलं, ‘इतनी कड़क इस्तरी तो हमारे घर में भी नहीं होती। धोबी लगा रखा है क्या?’

सगळे हसले. प्रिन्सिपल तर समोसा खाली ठेवून हसले. ‘मैडम की बात में दम है,’ म्हणाले, आणि पुढच्या मुलाला बोलावलं. प्रज्ञाने बाहीची घडी मुठीत धरली. एरवी ती मला मावशी म्हणायची. त्या खोलीत एकदाही म्हणाली नाही. नमस्ते मैडम, म्हणाली, आणि गेली.

मला थांबवता आलं असतं. नंतर प्रिन्सिपलच्या खोलीत जाऊन दोन वाक्यं बोलता आली असती. दार दहा पावलांवर होतं. मी हात धुतले — साबणाने, दोनदा, तेल जात नव्हतं — आणि घरी आले.

ती लखनऊतच, कपूरथला बाजारात साड्यांच्या दुकानात लागली. बी.एस्सी. राहिलं.

पुढच्या पौर्णिमेला मी गेले. न जाऊन चाललं नसतं. लोकांनी विचारलं असतं. वंदना झाली, शालू लगबगीने माझ्याकडे आली, खिरीची वाटी हातात दिली. ‘ताई, तुमी असत्या तं झालं असतं पोरीचं काम,’ म्हणाली. मला काही कळेना. असत्या तर? मी होते की! वाटी तशीच कठड्यावर ठेवली आणि जिन्याकडे निघाले.

जिन्यात प्रज्ञा चपला घालत होती. आमची पोरं सगळी हिंदीतच बोलतात. वर न बघता, अगदी हळू ती म्हणाली, ‘मावशी, आई से मैंने कह दिया है कि उस दिन आप छुट्टी पर थीं।’