मोठी पहिली आली, लहानीची टीसी मागितली

मंडळी, आज माझं डोकंच चालेनासं झालंय. तुम्हीच काहीतरी सांगा.

मी सालेकसा भागातल्या जिल्हा परिषद हायस्कूलची मुख्याध्यापिका. यंदा आमची दहावीची सगळी मुलं पास झाली. सकाळी एक धानशेती करणारे पालक पेढे घेऊन आले. त्यांची मोठी मुलगी शाळेत पहिली आलीय.

"मॅडम, तुमच्यामुळंच झालं," म्हणाले. आणि लगेच, "आता लहानीची टीसी द्या."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. "शाळा चांगली म्हणता, मग कायले नेऊन राहिले?"

"नववीत माझी न सुकवंता, दोनच पोरी राहिल्या, मॅडम. बाकी सब गोंदियाले गेल्या. उद्या सुकवंतानं शाळा सोडली त माझी एकटी पडन."

सुकवंता जंगलाकडच्या टोल्यावरून, म्हणजे छोट्या वस्तीवरून, चालत येते. तिच्या घरचे कधी शाळा सोडायला लावतील, सांगता येत नाही.

लहानी दारातच उभी होती. तिला विचारलं, तर म्हणाली, "मले नाही जायचं. मी गेली त सुकवंताजवळ कोण बसन?"

बापाचं चुकतंय म्हणावं, तर तेही पटत नाही. टीसी अडवायचा मला अधिकार नाही. "उद्या या," एवढंच मी म्हणाले.

उद्या त्यांना काय सांगू? आणि सही केलीच, तर सुकवंताला काय सांगू?