सहाव्या स्थानाला डावीकडे

हायवेवरच्या नव्या पुलांच्या गुंत्याला काय म्हणायचं, हे ज्याचं त्याने ठरवलं होतं. रिक्षावाले चकली म्हणत, ट्रकवाले जिलेबी. भुईगावच्या टेम्पोवाल्यांनी मात्र त्याचे फाटे मोजले, ते चौदा भरले, आणि त्यांच्यातल्या स्टॅनीने नाव दिलं, क्रुसाची वाट. चर्चच्या भिंतीवर येशूच्या शेवटच्या वाटचालीची चौदा स्थानं असतात. उपवासकाळात दर शुक्रवारी एकेका स्थानापुढे थांबून प्रार्थना म्हणायची. ही स्थानं सगळ्यांना लहानपणापासून पाठ.

पीटरचं या नावाने फार सोपं झालं. वय चौसष्ट. वाडीतली भाजी-केळी हायवेपलीकडच्या कारखान्यांच्या कँटीनला पोचवायचं त्याचं तीस वर्षांचं काम. पुलावरचा बोर्ड वाचून होईपर्यंत मागचे ट्रक हॉर्न मारून हैराण करत, आणि मध्यंतरी दोनदा तो भलत्याच उतारावरून मनोरच्या दिशेला लागला होता. आता तो बोर्ड बघतच नसे. फाटे मोजायचे, सहाव्या स्थानाला डावीकडे. सहाव्या स्थानावर व्हेरोनिका येशूचं तोंड पुसते. पीटरच्या बायकोचं नावही व्हेरोनिकाच. स्टॅनी म्हणे, "घरी पण तिचंच ऐकायचं, पुलावर पण."

बोळिंजला राहणाऱ्या जॉयलला, पीटरच्या मुलाला, यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. त्याने टेम्पोला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं.

"शनिवारी मी शेजारी बसतो, पप्पा. एकदा जरी चुकलात तरी टेम्पो विकायचा."

"चालेल," पीटर म्हणाला. व्हेरोनिका मासे साफ करत होती.

शनिवारी सकाळी पीटर मोजत निघाला. पहिलं, दुसरं, तिसरं. तिसऱ्याच्या पुढे त्याच आठवड्यात एक नवा उतार खुला झाला होता. पीटरने तो चौथा धरला आणि सहाव्याला डावीकडे वळला. पुढे कारखाने नव्हते, नुसता मोकळा रस्ता.

"चुकलो," पीटर म्हणाला.

जॉयलने फोन काढला. "मॅप लावू?"

"नको. पुलाखालून वळतो आणि परत पहिल्यापासून घेतो. एक वाढलंय, म्हणजे आपलं सातवं."

"सातव्याला काय असतं?"

"येशू दुसऱ्यांदा पडतो."

"म्हणजे तुम्ही अजून एकदा चुकणार."

"पडून उठतो पण," पीटर म्हणाला आणि गिअर टाकला.

भाजी कँटीनला वीस मिनिटं उशिरा पोचली. कँटीनवाल्याने घड्याळही बघितलं नाही, वांगी मात्र उलटसुलट करून बघितली.

घरी आल्यावर पीटर हातपाय धुवायला मागे गेला. जॉयल स्वयंपाकघरात आला.

"चुकले," तो आईला म्हणाला.

"बरं. मग परत रस्त्याला कोणी आणलं? तू?"

"नाही. त्यांनीच."

"विचारलं कोणाला?"

"नाही."

"ओरडले तुझ्यावर? घाबरले?"

"नाही गं."

व्हेरोनिकाने भाताखालचा गॅस बारीक केला. "तू लायसन्स काढलंस त्या वर्षी वाडीचं कुंपण पाडलंस. तुझी गाडी नाही कोणी विकली."

जॉयलने ओसरीवर जाऊन गिऱ्हाइकाला फोन लावला. "टेम्पोचं म्हणत होतो ना," तो म्हणाला, "राहू दे सध्या. पप्पा चालवतायत अजून."