रेक्झिनची खुर्ची

बेसबॉलची बॅग रिकामी केली की तळाशी लाल मातीचा थर निघतो. कितीही झटका, पुढच्या रविवारी तो परत असतोच. आमच्या ग्रुपचे किस्से तसेच साठत गेलेत. फरक एवढाच की त्यातले निम्मे माझ्या फजितीचे आहेत आणि निम्मे ईरण्णाच्या कौतुकाचे, त्यामुळे ते सांगताना माझ्या पोटात दुखतं. पण मी नाही सांगितले तर रफीक सांगतो, आणि तो मसाला जास्त घालतो.

आम्ही तिघं. मी हुबळीजवळ तारिहाळच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर मापाचं गेज लावून लोखंडी माल पास किंवा रिजेक्ट करायचा. ईरण्णा लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत पीटी मास्तर. रफीकचं गोकुळ रोडला सीट कव्हरचं दुकान आहे. आमचे उसवलेले बॉल तोच शिवून देतो. रविवारी सकाळी मैदानावर पोरं जमवायची, त्यातली खेळाडू होण्यासारखी हेरायची, तयार करायची आणि राज्याच्या निवडीला उभी करायची, हा आमचा उद्योग.

मैदानावर खुर्ची एकच. रफीकनं तिला उरलेलं लाल रेक्झिन चढवलंय. नियम असा, की ज्यानं हेरलेला खेळाडू सगळ्यात अलीकडे राज्याच्या टीममधे गेला, त्यानं त्या खुर्चीत बसायचं. बाकीच्यांनी उभं राहायचं. दुसऱ्या कुणाचा खेळाडू जाईपर्यंत खुर्ची हलत नाही.

कित्येक वर्षं मी उभा आहे.

*

आमच्याकडे येणारी सगळी पोरं क्रिकेटमधली. बेसबॉलमधे बॉल मारला की बॅट टाकून पळायचं असतं, पण यांच्या हातून बॅट सुटतच नाही. एकदा एक पोरगा बॉल मारून बॅटसकट पहिल्या बेसवर गेला, तिथून दुसऱ्यावर, आणि तिथे क्रीजमधे टेकवावी तशी बॅट टेकवून उभा राहिला. मी हसून हसून खाली बसलो आणि त्याला रिजेक्ट केला.

ईरण्णा खुर्चीतून म्हणाला, "पाटील, बॅट काय बघताय री? पळताना त्याचे डोळे बघितले काय? बॉल कुणाच्या हातात आहे ते बघत पळूलाय तो. बाकीची सगळी पायाकडं बघत पळत्यात."

तो पोरगा राज्याकडून खेळला. परत आल्यावर आधी ईरण्णाच्या पाया पडला, मग माझ्या. माझ्या पाया पडताना तो हसत होता की मला तसं वाटलं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

*

मग मी ठरवलं, आपण आपल्या पद्धतीनं जायचं. मोजमाप. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मी महिनाभर पोरांच्या थ्रोचा वेग काढला. एपीएमसी यार्डात पोती उचलणारा एक दांडगा पोरगा सापडला. असा थ्रो, की कॅचरच्या ग्लव्हचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. मी त्याला घरी नेऊन जेवू घातलं. ईरण्णासमोर मुद्दाम त्याला पुन्हा पुन्हा फेकायला लावलं.

ईरण्णा शेंगा सोलत बसला. शेवटी उठला आणि त्या पोराकडे हलकेच, लहान मुलाकडे टाकावा तसा बॉल टाकला. पोरानं दोन्ही डोळे गच्च मिटले आणि बॉल छातीवर घेतला.

"हात पास," रफीक म्हणाला. "डोळ्याला गेज लावायचं राहिलं वाटतं, पाटील."

*

ईरण्णाची एक खोड आहे. नवीन पोरगं बोलत असलं की तो मधेच, न सांगता, स्कूटरची किल्ली त्याच्याकडे भिरकावतो. पोरगं कसं झेलतं, झेलताना दचकतं का, चुकलं तर किल्लीकडे बघतं की ईरण्णाकडे, हे सगळं त्याला म्हणे त्यातून कळतं. माझा जळफळाट व्हायचा. किल्ली तर माझ्याकडेही होती!

एका रविवारी ईरण्णा लग्नाला गेला होता. मी संधी साधली. नवीन पोराला नाव-गाव विचारता विचारता बाइकची किल्ली भिरकावली. पोरानं शिस्तीत बाजूला होऊन तिला वाट करून दिली. मागे गटार होतं.

मी बाइक ढकलत गोकुळ रोडपर्यंत आलो. रफीकनं दुकानातून बघितलं आणि पोराचं काय झालं, असं विचारलं. मी म्हटलं, रिजेक्ट.

"आणि बाइक?"

*

हे सगळं मैदानावर राहिलं असतं तरी मी सोसलं असतं. पण आमच्या नीताला बघायला मंडळी येणार होती, तेव्हा बायको म्हणाली की ईरण्णा भावजींना बोलवा, माणूस ओळखण्यात त्यांची नजर पक्की आहे. मी म्हटलं, मी काय मेलोय? दिवसभर मी पारखण्याचंच काम करतो. ती म्हणाली, तुम्ही लोखंड पारखता.

ईरण्णा आला. पोहे खाल्ले. मुलगा नोकरीबद्दल सांगत असताना त्यानं किल्ली भिरकावली. मुलाच्या एका हातात पोह्यांची प्लेट होती. त्यानं दुसऱ्या हातानं किल्ली झेलली, बोलणं न थांबवता टेबलावर ठेवली, आणि एक पोहा सांडला नाही.

जावई चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण मला जावईसुद्धा ईरण्णाच्या सिलेक्शनचा मिळाला.

*

आणि मग मला रेणुका सापडली.

अळणावरकडच्या एका खेड्यात मी नातेवाइकांकडे गेलो होतो. मक्याच्या शेतात माकडं उतरली होती आणि एक मुलगी बांधावरून दगड मारून त्यांना हाकलत होती. ती माकडांना मारत नव्हती. माकड बसलेलं असेल त्याच्या शेजारच्या मक्याच्या ताटावर नेमका दगड बसायचा, माकड उडी मारून पुढच्या ताटाजवळ गेलं की तिथेही. नंतर कळलं की ती कॉलेजसाठी हुबळीत मावशीकडेच राहते.

पहिला विचार तिच्या हाताचा आला, आणि दुसरा ईरण्णाचा. त्यानं एकदा जरी तिला बघितलं असतं तरी ती त्याची झाली असती. म्हणून मी तिला मैदानावर आणलंच नाही. सुट्टीच्या दिवशी कारखान्याच्या मागच्या भिंतीवर खडूनं चौकोन काढून तिच्याकडून पिचिंग करून घेतलं. तिला बजावलं, "कुणी विचारलं, कोण शिकवतंय, तर नाव सांगायचं नाही. मी सांगेपर्यंत कुणालाच नाही." ती म्हणाली, "हो अण्णा."

या वर्षीची निवड आमच्याच मैदानावर होती. रेणुका एकटी आली, एकटीच रांगेत उभी राहिली. ईरण्णा खुर्चीत शेंगा सोलत होता. तिचा पहिला बॉल ग्लव्हमधे गेला आणि त्याचा हात थांबला. तिसऱ्या बॉलला तो उठून उभा राहिला. त्याला असं उभं राहिलेलं मी कधी बघितलं नव्हतं. माझ्या आयुष्यात इतका सुखाचा क्षण नीताच्या लग्नातसुद्धा आला नव्हता.

तिचं नाव पहिलं पुकारलं. बेंगळुरूहून आलेल्या सरांनी तिला सगळ्यांसमोर कन्नडमधे विचारलं, की एवढं कुणी शिकवलं?

मी शर्ट नीट केला आणि एक पाऊल पुढे आलो.

रेणुकानं समोर बघत ठणकावून सांगितलं, "यारू इल्ला, सर. कुणी नाही."

सरांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. मी मान हलवली, डोळे मोठे केले, घसा खाकरला. ती माझ्याकडे बघेचना. आता मी तोंड उघडलं असतं तर आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा ठरलो असतो, आणि रफीक तर माझ्याकडे आत्ताच तसं बघत होता.

ईरण्णानं खुर्चीवरची टरफलं झटकली. "हिला कुणी शोधलं नाही, ही आपली आपण आली," तो म्हणाला. "मग नियमानं खुर्ची हिचीच की री." त्यानं स्वतः तिला हाताला धरून बसवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर रेणुकानं खुर्चीत बसल्या बसल्या गर्दीत मला शोधलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"अण्णा, आता सांगू काय?"