पिस्करी म्हणजे काय

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. कुणी तलावाचा विषय काढला की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून आत जायचो. आता गावतलावाचा ठेका पुन्हा निघणार आहे, त्यामुळे टाळून भागणार नाही.

आमचं गाव चंद्रपूरकडे, मूल गावाच्या पुढे, धानाच्या पट्ट्यात. तिथल्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवायचो. खेड्यातल्या इंग्रजीच्या मास्तरावर काय काय येऊन पडतं, ते शहरातल्यांना कळायचं नाही. औषधाच्या बाटलीवरचं वाचा, पंपाच्या खोक्यावरचं वाचा, बँकेची नोटीस वाचा. मास्तर म्हटला की त्याला सगळी इंग्रजी येतेच, असा ठाम समज. त्या भाषेत असे ढीगभर शब्द पडून आहेत की जे खुद्द इंग्रज विसरले, हे कुणाला सांगणार? पण तो समज पोसला मीच. जुने, अडगळीतले शब्द पाठ करायचो आणि शिक्षकांच्या खोलीत फेकायचो. काल संध्याकाळी म्हणायचं तर ‘यस्टरईव्ह’. कुणाला काही कळायचं नाही, आणि मला तेवढंच बरं वाटायचं.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, एक जुना दगड आहे. त्यावर इंग्रजीत एक ओळ कोरलेली: पाणी शेतकऱ्यांचं, पिस्करी ढिवरांची. तलाव बाहेरच्या ठेकेदाराला मासेमारीसाठी द्यायचं ग्रामसभेत निघालं, तेव्हा मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातली एक बाई उभी राहिली. माझ्याच वयाची. माझ्या दारावर मासोळी विकायला यायची तीच.

“गोट्यावर आमचा हक्क लिवला हाय,” ती म्हणाली. “माहा सासरा सांगे. गुरुजीले वाचू द्या.”

“इंग्रज गेले बाई, गोटाच राह्यला,” सरपंच म्हणाले.

“मंग काढून फेका न. काऊन ठेवला?”

लोक हसले आणि सगळी सभा उठून पाळीवर गेली. बाईनं दगडावरचं शेवाळ पदरानं पुसलं. मी वाकून वाचलं. पिस्करी हा शब्द मी जन्मात पाहिला नव्हता. ‘बघून सांगतो’ म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण भोवती माझे जुने विद्यार्थी, मिशा आलेले, माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, “पिस्करी म्हणजे डागडुजी. तलावाची पाळ ढिवरांनी राखायची, असं लिहिलं आहे.”

कशावरून, असं एकानंही विचारलं नाही. याचा मला आजही संताप येतो. गुरुजींनी अर्थ सांगितला की वाद मिटला, ही आमच्याकडची रीतच आहे. “मासोळी मांगाले गेली, माती भेटली,” मागून कुणीतरी बोललं. ठराव झाला: मासे ठेकेदाराचे, पाळीचं काम ढिवरांचं. त्या उन्हाळ्यात त्या घरांनी पाळीवर माती टाकली. बाईच्याही डोक्यावर घमेलं होतं. मला बघून म्हणाली, “लिवलंच हाय, त करा लागन.”

पुढे चंद्रपूरची लेक सुट्टीत आली. मी उगाचच विचारल्यासारखा तिला तो शब्द मोबाईलवर बघायला सांगितला. हातातला चहाचा कप खाली ठेवायच्या आत उत्तर आलं. दुसऱ्याच्या मालकीच्या पाण्यात मासे धरण्याचा हक्क.

“कशाला हवं होतं, बाबा?”

“काही नाही, ठेव तो फोन.”

तेव्हाच सरपंचांकडे जायला हवं होतं. पण ठेकेदारानं मत्स्यबीज सोडलं होतं, मग धानाची रोवणी आली, मग माझे गुडघे. कारणं मला इंग्रजी शब्दांपेक्षा लवकर सुचतात.

बाई आता ठेकेदाराकडून मासे विकत घ्यायची आणि टोपलीतून दारोदार विकायची. माझ्या भांड्यात तरीही मूठभर जास्तच टाकायची. मी चिडायचो.

“बाई, जास्त देत नका जाऊ. किती वेळा सांगू?”

“खा न गुरुजी. काऊन चिडून राह्यले? तुमी थोडीच खोटं सांगतलं. होतं ते वाचलं.”

तो रस्सा मी ताटात तसाच सोडून उठायचो. बायकोला वाटायचं, काट्यांची भीती.

गेल्या हिवाळ्यात बाई आजारी आहे असं कळलं, तेव्हा मी मोहल्ल्यात गेलो. ती खाटेवर होती. सुनेनं चहा दिला. धानाला यंदा भाव नाही, तिच्या मुलाची बल्लारपूरची नोकरी बरी चालली आहे ना, असं सगळं बोलून झालं. मग तीच म्हणाली, “गुरुजी, काई काम होतं का?”

“नाही, इकडे आलो होतो म्हणून डोकावलो.”

होळीच्या आधी ती गेली. ठेक्याची सभा होईल तेव्हा मी पाळीवर उभा राहून पिस्करीचा खरा अर्थ सांगणार आहे. सरपंचांनी हसावं, विद्यार्थ्यांनी हसावं. पण त्या खाटेपाशी बसून जे म्हणायचं होतं ते राहून गेलं: बाई, मला तो शब्द येत नव्हता. येत नाही म्हणायची लाज वाटली, आणि तुमचा तलाव मी माझ्या तोंडानं दुसऱ्याला देऊन टाकला. मला माफ करा.