मोबाईलचं सुतक

आमचा ग्रुप चार म्हाताऱ्यांचा. चौघंही एकाच गावात गोट्या खेळून मोठे झालो. एक मी, जिनिंगात कापसाच्या गाठी ढकलून पाठ वाकवून घेतलेला. दुसरा ड्रायव्हर. एसटीतून निवृत्त झाला, पण चालतो अजून असा की गावानं त्याला बाजू द्यावी. तिसरा मिस्त्री. त्याचं दारव्ह्याला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. चौथा मास्तर. शाळा सुटली त्याची, शहरात मुलाकडे राहायला गेला, पण आमची शाळा घेणं काही सुटलं नाही.

ग्रुपचं नाव ड्रायव्हरनं ठेवलं होतं, 'रिकामे लोक'. सकाळी देवाचे फोटो, मग चहा झाला की राजकारण. ड्रायव्हर एका पक्षाचा, मास्तर दुसऱ्या. मिस्त्रीच्या मते सगळे एका माळेचे मणी. माझा पक्ष साधा होता, ड्रायव्हर ज्याच्यानं चिडेल तो.

मी चवथी शिकलेला. लिहिता येतं, पण एक ओळ लिहीपर्यंत चहा थंड होतो. म्हणून मी आवाज भरून पाठवायचो. बायको बाजूला डाळ निवडत बसायची. मी बोलत असलो की मधूनच तिचंही बोलणं त्यात भरलं जायचं. "ह्यांचं काही ऐकू नका भावजी, सकाळपासून असेच बोलून राह्यले." मग उत्तर मला येत नसे, तिला येई. ड्रायव्हर म्हणे, "वैनी, इलेक्शनले तुम्हीच उभ्या राहा. ह्या बुढ्याले घरी बसवा."

ते बोंडअळीचं वर्ष होतं. दिसायला बोंड टवटवीत, फोडलं की आत गुलाबी अळी लोळते. रोज ग्रुपवर त्याचेच फोटो. ड्रायव्हर म्हणायचा बियाणंवाले चोर, मास्तर म्हणायचा सरकार झोपलं. दोघांची जुंपली की मिस्त्री मधात विचारायचा, "भाई, पहले ये बताओ, अळीनं मत कोणाले देल्लं होतं?" कापूस गेला होता, जिनिंग अर्धी बंद पडली होती, आणि आम्ही मोबाईल हातात धरून हसत होतो. हसणार नाही तर काय करणार.

त्याच हिवाळ्यात बायको गेली. तापाचं निमित्त झालं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. लिहून ती परत येत नाही.

तेव्हापासून ग्रुप मुका झाला. रोज सकाळी गुलाबाचं फूल, खाली 'धीर धरा'. संध्याकाळी दिवा, खाली सुविचार. माझ्या मोबाईलात इतकी फुलं साचली की एका तिरडीला पुरली असती. समोर भेटला तरी ड्रायव्हर आवाज उतरवून बोलायचा, दवाखान्यात बोलतात तसा. "जेवला काय भाऊ? बरं बरं." उठला, गेला. मुलगी पुसदला आहे. तीही फोन करून जेवणाचंच विचारते. सगळ्या जगाला माझ्या पोटाची काळजी. पण दिवसभर तोंड बंद राहिलं की माणसाचं काय होतं, ते कोणी विचारेना. मला भांडायला माणूस पाहिजे होता. घरातला तर गेलाच होता, बाहेरचेही जातात की काय अशी भीती वाटायला लागली.

आधी वाटलं तिघंही थकले. पण उन्हाळ्यात गावात प्रचाराच्या गाड्या फिरायला लागल्या, भोंगे ओरडायला लागले, आणि ग्रुपवर तरी गुलाबच. ड्रायव्हर आणि राजकारणावर गप्प? हे काही पटेना.

बाजाराच्या दिवशी जीपमध्ये कोंबून घेऊन दारव्ह्याला गेलतो. मिस्त्रीच्या दुकानात बसलो. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत तेलात. मोबाईल वाजला तसा तो सवयीनं म्हणाला, "हात काळे हायत बे. दाब जरा, पाहू काय म्हणते ते."

मी दाबलं. ड्रायव्हरचा आवाज, पहिल्यासारखा, फुल्ल. "मास्तर, तुह्या डोक्यात खडू भरला हाय काय बे? गावात येऊन दाखव, मंग सांगतो!"

मी ग्रुपचं नाव वाचलं. आमचं नव्हतं. सावकाश अक्षरं लावली: 'इथं भांडा'. वर सरकवत गेलो. भांडणं, जोक, उमेदवाराच्या पोटावरचे शेरे, सगळा माल तिथं. मिस्त्री पाना हातात धरून तसाच उभा.

"हे काय हाय?"

"अरे भाई, तू नाराज नको होऊ. ड्रायव्हरनं बनवलं ते. म्हणे सुतकाच्या घरी हसणं-खिदळणं बरं दिसत नाही, वर्ष होऊ द्या."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे घरात मयत झालं की वर्षभर सणाला कढई चढत नाही. पुरणाचं, गोडाधोडाचं शेजारचे आणून देतात. होळीला माझ्याकडेही पोळ्या आल्या, मी खाल्ल्या. ती रीत चांगली आहे. पण ह्या शहाण्यांनी ती मोबाईलला लावली. माझ्या घरी कढई नाही, म्हणून माझ्या मोबाईलवर भांडण नाही. आणि फुलं म्हणजे शेजारच्यांच्या पोळ्या!

"मले कोणं इचारलं?" मी म्हटलं.

"इचारणार कसं? इचारलं असतं तर तुले अजून वाईट वाटलं असतं ना."

"मंग टाक मले त्याच्यात."

"अ‍ॅडमिन तो हाय. आन तो रीतीचा पक्का. माह्या हातात काही नाही." आणि त्यानं दोन्ही काळे हात पुढे करून दाखवले.

घरी आलो. राग तर असा की चप्पल दारात एक आणि अंगणात एक. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाब आला. मी घसा साफ केला आणि 'रिकामे लोक'वरच आवाज भरला.

"ऐक बे ड्रायव्हर. बायको माही मेली, मी नाही मेलो. फुलं बंद कर. आन तुह्या त्या साहेबाले इचार, कापसावर भाषण देऊन राह्यला, पण दिव्याची वात तरी वळता येते काय त्याले?"

दाबलं. तिघांनी ऐकल्याच्या निळ्या खुणा आल्या. मी अंगण झाडलं. बादली भरली. मोबाईल पाहिला. काही नाही. वाटलं, झालं, होता तो गुलाबही गेला आता.

मग ड्रायव्हरचा आवाज आला. "भाऊ, तू दुःखात हायस, म्हणून सोडून देतो."

"सोडू नको," मी म्हटलं. "उत्तर नसन तर तसं सांग."

आता माणूस कितीही रीतीचा असो, साहेबाचा अपमान किती वेळ गिळणार? पुढचा मेसेज इतका लांब होता की ऐकताना मी खाटेवर बसून घेतलं. माझी अक्कल, माझं मत, माझं जिनिंग, काही म्हणून ठेवलं नाही त्यानं. मास्तर लगेच जागा झाला: ड्रायव्हरचं म्हणणं दोन कारणांनी चूक आहे, एक... मिस्त्रीनं फक्त लिहिलं, 'शुरू हो गये'.

भर दुपारी दारात चपला वाजल्या. डोक्याला दुपट्टा बांधून ड्रायव्हर, घामानं निथळत. "फोनवर नाही होत हे," म्हणत आत आला आणि उभ्यानंच सुरू झाला. मीही उठलो. शेजारीण भिंतीवरून डोकावली, काय झालं म्हणून. काही नाही झालं म्हटलं, राजकारण आहे. पुष्कळ वेळ चाललं. कोणी हरलं नाही. त्याचा घसा सुकला तसा तो खाटेवर टेकला.

"ह्या घरात चहागिहा भेटते का नाही?"

ती गेल्यापासून माझ्याकडे आलेल्या कोणी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. मी चुलीकडे गेलो. साखर किती टाकायची ते अजून मला जमत नाही. कप दिला. त्यानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय बे? ढोराले काढा करून राह्यला काय?"

"प्यायचं तर पी. नाही तर घर तुह्यं पुढच्याच गल्लीत हाय."

प्यायला. कप माझ्यापुढे सरकवला.

"अर्धा अजून टाक. आन बस खाली, माह्यं बोलणं अजून झालं नाही."